बालवाडी शिक्षिकांची कॉम्प्युटरविषयीची अभिवृत्ती मोजायची आहे – मापनी कशी तयार करू?

शिशुवर्ग_परळ

नमस्कार. एमएडच्या लघुप्रबंधासाठी विषय मंजूर झाला आहे : ‘मुंबईतील पूर्वप्राथमिक शिक्षिकांच्या संगणक वापराविषयीच्या अभिवृत्तीचा (म्हणजे मनाच्या कलाचा) अभ्यास’. परळ, लालबाग, दादर, वरळी या भागातले खाजगी नर्सरी-केजीचे वर्ग, महापालिकेच्या बालवाड्या आणि अंगणवाड्या मिळून साधारण २०० शिक्षिका घ्यायच्या आहेत.

लॉइड आणि ग्रेसार्ड यांची १९८४ सालची कॉम्प्युटर अभिवृत्ती मापनी मराठीत आणायची आणि काही विधानं स्वतः घालायची, असा विचार आहे. पाच पर्याय : पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. गूगल फॉर्म करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवणार आहे. मी लिहिलेली काही विधानं अशी :

१. संगणकामुळे माझे काम सोपे होते आणि मुलांना शिकण्यात आनंद मिळतो.
२. मला संगणकाची भीती वाटत नाही.
३. पूर्वप्राथमिक स्तरावर संगणकाचा वापर होऊ नये.
४. मी संगणकाचा वापर नियमितपणे करतो.
५. संगणक साक्षरता ही काळाची गरज आहे.
६. संगणक हाताळताना मला दडपण येते.

एकूण ४० विधानं होतील. एवढी चालतील का? विश्वसनीयता कशी काढायची? आणि शेवटी ‘इतके टक्के शिक्षिकांची अभिवृत्ती सकारात्मक’ असं लिहिता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

मापनी_आणि_मोजमाप

ताई, विधानांकडे नंतर येऊ. आधी एक ठरवा : अभिवृत्ती *कशाविषयीची*? ‘संगणक वापर’ या एका शब्दात तुमच्या यादीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. बाई स्वतःच्या कामासाठी वापरतात (हजेरी, पालकांना सूचना, नोंदी, तक्ते छापणं) ही एक. वर्गात मुलांसमोर किंवा मुलांच्या हाती देतात ही दुसरी. आणि स्वतः नवीन काही शिकायला बसतात ही तिसरी. एकाच बाईचं या तिन्हींबद्दलचं मत तीन टोकांना असू शकतं. रोजच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायला उत्सुक असलेली बाई ‘माझ्या वर्गात पडदा नको’ असं ठामपणे म्हणू शकते. दोन्ही विधानांचे गुण एकत्र केले की ती ‘तटस्थ’ दिसते. ती तर मुळीच तटस्थ नाही, तिची दोन्ही मतं पक्की आहेत.

तुमचं तिसरं विधान म्हणूनच धोक्याचं आहे. ‘पूर्वप्राथमिक स्तरावर वापर होऊ नये’ याला ‘सहमत’ म्हणणारीला तुम्ही १-२ गुण देणार, म्हणजे नकारात्मक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तर अधिक चांगलं, असं म्हटलं आहे. हे वाचून सावध झालेल्या शिक्षिकेला तुमची मापनी ‘मागासलेली’ ठरवेल. लहान मुलांच्या वयाबद्दलचा व्यावसायिक विवेक आणि यंत्राबद्दलची नावड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असं विधान ठेवायचंच तर वेगळ्या गटात ठेवा आणि त्याचे गुण एकूण बेरजेत धरू नका.

१९८४ च्या मापनीबद्दल. तिच्यात चिंता, आत्मविश्वास आणि आवड असे तीन उपघटक होते, उपयुक्तता हा चौथा नंतर जोडला गेला. ही विभागणी आजही कामाची आहे, ती जरूर घ्या. विधानं मात्र जशीच्या तशी उचलू नका. ती बेतली होती वेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि अशा काळासाठी, जेव्हा कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचं, क्वचित दिसणारं यंत्र होतं. आज लालबागच्या बालवाडीत ‘कॉम्प्युटर’ म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांसमोर ऑफिसातला पीसी येतो, की भिंतीवरचा टीव्ही, की हातातला मोबाइल? याचं उत्तर प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर तुम्हीच द्यायला हवं : ‘या प्रश्नावलीत कॉम्प्युटर म्हणजे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि टॅबलेट. मोबाइल धरलेला नाही.’ किंवा धरलेला आहे. काय ते ठरवा, पण लिहा.

माझा सल्ला : चार उपघटक ठेवा. स्वतःच्या कामातली उपयुक्तता, वर्गातल्या वापराबद्दलचं मत, दडपण, शिकण्याची तयारी. प्रत्येकी १० विधानं लिहा, चाळणीतून ६ उरतील. म्हणजे अंतिम मापनी २४ विधानांची. मुलं घरी गेल्यावर उभ्या-उभ्या भरणाऱ्या बाईंना ४० विधानं दिली की पंचविसाव्यापासून एकाच रकान्यात सरळ खाली खुणा होतात.

आणि वापर वेगळा विचारा. ‘मी नियमितपणे वापरतो’ ही अभिवृत्ती नव्हे, ते वर्तन आहे, आणि तेही यंत्र उपलब्ध असेल तरच शक्य. सुरुवातीला साधे प्रश्न ठेवा : शाळेत चालू स्थितीतला कॉम्प्युटर आहे का, तो कोणाच्या खोलीत असतो, गेल्या आठवड्यात किती दिवस वापरलात, कशासाठी. मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये कुलपात असलेल्या लॅपटॉपचा कमी वापर शिक्षिकेच्या अभिवृत्तीच्या खात्यावर जाता कामा नये.

---

सेविका_प्रशिक्षण_कुर्ला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण अंगणवाडीबद्दल वेगळं सांगावं लागेल.

अंगणवाडी सेविकेसाठी यंत्र म्हणजे मोबाइल. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप आलं आणि हजेरी, वजन-उंची, आहार वाटप सगळं त्यात गेलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलनही केलं होतं. तुम्ही ‘मोबाइल धरलेला आहे’ म्हणालात, तर सेविका प्रत्येक विधानाचं उत्तर ट्रॅकर डोळ्यांसमोर ठेवून देईल : नेटवर्क, भरलेली मेमरी, दोनदा भरावी लागणारी माहिती. ती चीड खरी आहे, पण ती कामाच्या ओझ्याबद्दलची आहे. मोबाइल धरला नाही, तर बहुतेक सेविका म्हणतील, ‘आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही, मी काय भरू?’

दोन मार्ग आहेत. एक, अंगणवाडी या अभ्यासातून वगळा आणि शीर्षकात तसं स्पष्ट करा. दोन, विधानांमध्ये कामाचं नाव घाला : ‘मुलांना गोष्ट किंवा गाणं दाखवण्यासाठी पडद्याचा उपयोग होतो’, ‘नोंदी वहीपेक्षा यंत्रावर ठेवणं मला सोयीचं वाटतं’. काम स्पष्ट झालं की कोणतं यंत्र, हा घोळ निम्मा कमी होतो.

तिन्ही गटांची सरळ तुलना करताना एक ध्यानात ठेवा. खाजगी शिशुवर्ग, पालिकेची बालवाडी आणि अंगणवाडी यांत फक्त यंत्रांचा फरक नाही. मानधन, शिक्षण, वय, मुलांची संख्या, खोलीचा आकार, सगळंच वेगळं. एखाद्या वस्तीत समाजमंदिराच्या खोलीत, सामान ठेवायला एकच कपाट असलेल्या जागी वर्ग भरतो, तिथे ‘वर्गात कॉम्प्युटर असावा’ याला ‘पटत नाही’ हे उत्तर जागेबद्दलचं असतं. म्हणून असं विचारा : ‘जागा आणि वीज यांची सोय असेल तर माझ्या वर्गात कॉम्प्युटर असावा असं मला वाटतं.’ अट विधानातच घातली की पळवाट बंद होते.

परवानगीचं आधी बघा. अंगणवाडीसाठी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र लागेल, पालिकेच्या बालवाडीसाठी शिक्षण विभागाचं, आणि बालवाडी एखाद्या संस्थेमार्फत चालत असेल तर त्या संस्थेचंही. खाजगी वर्गात चालकांची परवानगी पुरते, पण ती लेखी घ्या. पत्रं हातात यायला महिना धरा.

---

शब्द_नेमका

मी फक्त भाषेवर बोलेन, कारण मराठीत मापनी बिघडते ती बहुधा इथेच.

विधान १ मध्ये दोन विधानं आहेत. काम सोपं होतं पण मुलांना आनंद मिळत नाही, असं वाटणारी बाई कुठे खूण करणार? तुमच्या सगळ्या विधानांत ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’, ‘त्यामुळे’ शोधा. जिथे सापडेल तिथे तोडा.

विधान २ मध्ये ‘वाटत नाही’ आहे. जिला भीती वाटते तिने ‘असहमत’ निवडायचं, म्हणजे ‘भीती वाटत नाही असं नाही’. घाईत भरताना हमखास उलट खूण होते. नकारात्मक विधानं ठेवा, पण नकार क्रियापदात नको, अर्थात हवा : ‘कॉम्प्युटर समोर आला की मी गडबडते.’ यात ‘नाही’ कुठेच नाही, तरी विधान उलट दिशेचं आहे.

विधान ४ मध्ये ‘करतो’ आहे. उत्तर देणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका असणार. पुल्लिंगी क्रियापद वाचलं की ‘हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही’ असं वाटतं. ‘करते’ लिहा. एखादा पुरुष शिक्षक नमुन्यात येणार असेल तर ‘मला… आवडतं’, ‘मला… जमतं’ अशी रचना घ्या, त्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही. मराठीची ही सोय आहे, वापरा.

विधान ५ तर काढूनच टाका. ‘काळाची गरज’ हे भाषणातलं वाक्य आहे. त्याला ‘असहमत’ कोण म्हणेल? सगळ्यांनी ४-५ दिलं की त्या विधानाने कोणाला कोणापासून वेगळं केलं? काहीच मोजलं गेलं नाही.

विधान ६ चांगलं वाटतं, पण एकदा जवळून पाहा. ‘संगणक हाताळताना मला दडपण येते.’ हे विधान पाच-सहा शिक्षिकांना मोठ्याने वाचायला द्या आणि विचारा, ‘हे तुमच्या शब्दांत सांगा, कसलं दडपण?’ दोन प्रकारची उत्तरं यायला वाव आहे. एकीसाठी दडपण म्हणजे ‘मला येत नाही, मुलांसमोर फजिती होईल’. दुसरीसाठी ‘बिघडला तर पैसे माझ्याकडून कापतील’. पहिलं स्वतःच्या क्षमतेबद्दल आहे, दुसरं नोकरीच्या अटींबद्दल. खूण मात्र दोघींची एकच. तोडून दोन करा : ‘मुलांसमोर कॉम्प्युटर चालवताना मला चुकण्याची धास्ती वाटते’ आणि ‘कॉम्प्युटर बिघडला तर जबाबदारी माझ्यावर येईल, असं मला वाटतं’. दुसरं दडपणाच्या उपघटकात न धरता परिस्थितीच्या प्रश्नांत टाका. प्रत्येक विधानाची अशी ‘तुमच्या शब्दांत सांगा’ चाचणी घ्यायला एकूण दोन-तीन दिवस लागतात आणि पुढची महिनाभराची डोकेदुखी वाचते.

पर्यायांचे शब्दही बदला. ‘पूर्ण सहमत – सहमत – तटस्थ – असहमत – पूर्ण असहमत’ हे ठरावाच्या भाषेतलं आहे. ‘अगदी पटतं – पटतं – निम्मं पटतं, निम्मं नाही – पटत नाही – अजिबात पटत नाही’ हे वाचताच कळतं. ‘तटस्थ’चा अर्थ काही जणी ‘माहीत नाही’ असा घेतात, काही जणी ‘मला यात पडायचं नाही’ असा. ‘माहीत नाही / माझ्याकडे सोय नाही’ यासाठी वेगळी चौकट द्या आणि तिला गुण देऊ नका.

शीर्षकात ‘संगणक’ असू दे. विधानांत ‘कॉम्प्युटर’ लिहा, बोलताना तोच शब्द येतो.

भाषांतर करणारच असाल तर दोघांकडून स्वतंत्र मराठी करून घ्या, दोन्ही समोर ठेवून एक पक्कं करा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्या. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची रीत हीच. पण उलट भाषांतर जुळलं म्हणजे मराठी चांगलं झालं असं नाही. शब्दाला शब्द ठेवलेलं अवघडलेलं मराठी उलट नेताना सर्वांत छान जुळतं. म्हणून शेवटचा शब्द बालवाडीतल्या बाईंचा.

---

शिशुवर्ग_परळ

खूप आभार. विधान १ ते ६ पैकी एकही जसंच्या तसं उरणार नाही असं दिसतंय, पण कारणं पटली.

तीन शंका : तज्ज्ञांकडून विधानं तपासून घ्यायची तर किती तज्ज्ञ? पथदर्शी चाचणीला (मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीला) किती शिक्षिका? आणि विश्वसनीयता एक्सेलमध्ये निघते का? एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही.

---

आकडेमोड

क्रमाने सांगतो.

तज्ज्ञ ८ घ्या : पूर्वप्राथमिक शिक्षणातले तीन-चार, मापनशास्त्रातले दोन, आणि प्रत्यक्ष वर्ग घेणाऱ्या अनुभवी शिक्षिका दोन तरी हव्यात. प्रत्येक विधानापुढे तीन चौकटी द्या : आवश्यक, उपयुक्त पण आवश्यक नाही, अनावश्यक. लॉशे यांचं १९७५ चं गुणोत्तर सोपं आहे : ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि निम्म्या संख्येने भागा. ८ पैकी ७ जण आवश्यक म्हणाले तर (७ − ४) ÷ ४ = ०.७५. आठ तज्ज्ञांसाठी त्यांच्या तक्त्यातली किमान मर्यादा हीच आहे. ६ जण म्हणाले तर ०.५०, विधान गळतं किंवा पुन्हा लिहावं लागतं. पाचच तज्ज्ञ घेतले तर पाचही जणांचं एकमत लागतं, म्हणून पाचावर थांबू नका.

पथदर्शी दोन टप्प्यांत करा. पहिल्यात ८-१० शिक्षिका, फक्त भाषा आणि वेळ तपासायला. दुसऱ्यात साधारण १००, विधान विश्लेषणासाठी. या शिक्षिका मुख्य नमुन्यात पुन्हा घ्यायच्या नाहीत. परळ-दादर मुख्य अभ्यासासाठी राखून ठेवायचं असेल तर पथदर्शीसाठी घाटकोपर-मुलुंडकडे जा.

विधान विश्लेषण : उलट विधानांचे गुण आधी फिरवा. पाच पर्यायांत ६ मधून गुण वजा करायचा, ५ चा १ होतो, २ चा ४. मग प्रत्येक विधानाचा सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने वाढतात-घटतात ते) त्याच्या उपघटकातल्या *बाकीच्या* विधानांच्या बेरजेशी काढा. बेरजेत तेच विधान धरलं तर आकडा उगाच फुगतो. ०.३० पेक्षा कमी आलं तर विधान संशयास्पद, ऋण आलं तर गुण फिरवायचा राहिला आहे का ते आधी बघा. जुनी पद्धत म्हणजे एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घेऊन प्रत्येक विधानावर त्यांच्यातला फरक पाहणं. १०० शिक्षिकांत वरच्या २७, खालच्या २७. तीही केली तर मार्गदर्शकांना सहसा आवडते.

आता अल्फा, म्हणजे विश्वसनीयतेचा आकडा : विधानं एकमेकांशी किती जुळतात ते. क्रॉनबाखचं १९५१ चं सूत्र एक्सेलमध्ये आरामात बसतं. प्रत्येक रकाना एक विधान, प्रत्येक ओळ एक शिक्षिका. प्रत्येक विधानाचं प्रचरण (गुण किती पसरले आहेत त्याचा आकडा) काढा, त्यांची बेरीज करा. प्रत्येकीचे एकूण गुण काढा, त्या एकूण गुणांचं प्रचरण काढा. समजा २० विधानं आहेत, विधानांच्या प्रचरणांची बेरीज १८.४ आणि एकूण गुणांचं प्रचरण ९२.

१८.४ ÷ ९२ = ०.२०
१ − ०.२० = ०.८०
०.८० × (२० ÷ १९) = ०.८४

झालं. एसपीएसएस नसलं तरी जामोवी मोफत मिळतं, त्यात उलट विधानं निवडून अल्फा आणि विधान गाळल्यास येणारा अल्फा दोन्ही दिसतात. पण एकदा हाताने कराच. उलट विधानं फिरवायची राहिली तर एकूण गुणांचं प्रचरण आक्रसतं आणि अल्फा ०.४ वगैरे येतो, कधी चक्क ऋण. कारण कळलं नाही की चांगली विधानं काढली जातात आणि चुकलेली राहतात.

अल्फाबद्दल एक इशारा. विधानांची संख्या वाढवली की तो आपोआप वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.१५ असला, म्हणजे ती एकमेकांशी जेमतेम बोलत असली, तरी २० विधानांचा अल्फा ०.७८ येतो. सहाच विधानं आणि सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर ०.७२. यातली दुसरी मापनी जास्त चांगली आहे. म्हणून ४० विधानांचा मिळून एकच अल्फा देऊ नका, उपघटकांचे चार वेगळे द्या. अल्फा चांगला आला म्हणून मापनी एकाच गोष्टीचं मोजमाप करते असंही ठरत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण, म्हणजे कोणती विधानं एका गटात पडतात ते गणिताने पाहणं. २४ विधानांना २०० शिक्षिका पुरतील. घटक किती घ्यायचे हे ‘आयगेन मूल्य (एका घटकाने उत्तरांतला किती फरक पकडला त्याचा आकडा) १ पेक्षा जास्त’ या नियमावर सोडू नका, तो जास्तच घटक काढतो. हॉर्न यांचं १९६५ चं समांतर विश्लेषण (तुमच्या घटकांची तुलना निव्वळ योगायोगाच्या आकड्यांशी करणारं) वापरा, जामोवीत तो पर्याय आहे.

शिवाय ३० शिक्षिकांकडून दोन-तीन आठवड्यांनी मापनी पुन्हा भरून घ्या. मधल्या काळात त्यांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण होणार नाही एवढं पाहा.

---

मापनी_आणि_मोजमाप

नमुन्याच्या आकाराबद्दल भर घालतो. एका शाळेतल्या पाच जणींची उत्तरं एकमेकींसारखी असतात : तोच कॉम्प्युटर, त्याच मुख्याध्यापिका, तीच मधल्या सुट्टीतली चर्चा. म्हणून २०० शिक्षिका म्हणजे २०० स्वतंत्र मतं नव्हेत. समजा प्रत्येक शाळेतून ५ घेतल्या आणि शाळेअंतर्गत सारखेपणा ०.१ धरला, तर १ + (५ − १) × ०.१ = १.४. २०० ला १.४ ने भागा, प्रत्यक्षात १४३ च्या वजनाचा नमुना. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ लागतात. त्याला १.४ ने गुणलं की जवळपास ९०. तीन गट म्हणजे २७०. एवढं शक्य नसेल तर दोनच गट घ्या. किंवा शाळा वाढवा आणि प्रत्येकीतून दोनच शिक्षिका घ्या, मग गुणक १.१ वर येतो.

आणि गूगल फॉर्म. ताई, यावर मी अडून बसणार आहे. कॉम्प्युटरबद्दलचं दडपण मोजायचं आणि ते मोजायला ऑनलाइन फॉर्म पाठवायचा, म्हणजे जिला सर्वांत जास्त दडपण आहे तीच नमुन्यातून गळते. फॉर्म भरणाऱ्या सगळ्या सरावलेल्या निघतात आणि निष्कर्ष ‘अभिवृत्ती अत्यंत सकारात्मक’. हा दोष नंतर कोणत्याही गणिताने निघत नाही. छापील द्या. ए-फोर कागदाची दोन पानं, पाठपोट.

---

सेविका_प्रशिक्षण_कुर्ला

छापीलच. आणि कोणाच्या देखत भरून घेता यालाही तितकंच महत्त्व आहे. पर्यवेक्षिकेच्या मासिक सभेत वाटलं तर ४० फॉर्म एका तासात भरून मिळतात, मोह होतो. पण पर्यवेक्षिका समोर बसल्या असताना ‘मला यंत्राचा कंटाळा येतो’ यावर ‘अगदी पटतं’ अशी खूण कोण करेल? खाजगी शाळेत तेच, मुख्याध्यापिका फॉर्म गोळा करून ‘तपासून’ देतात. प्रत्येकीला कोरा लिफाफा द्या, भरल्यावर तिने स्वतः चिकटवून तुमच्या पेटीत टाकायचा. फॉर्मवर नाव नको, शाळेचा फक्त सांकेतिक क्रमांक. वय नेमकं न विचारता गटात विचारा. दोन शिक्षिकांच्या बालवाडीत ‘वय ५३, अनुभव २८ वर्षे’ लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे.

वेळ : जूनमध्ये प्रवेश आणि रडणारी मुलं, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, मार्चमध्ये प्रगतिपुस्तकं. जुलै अखेर ते सप्टेंबर बरा, त्यातही गणपतीचा आठवडा सोडा, परळ-लालबागमध्ये तर रस्त्यावरून चालताही येत नाही. दोन पाळ्यांची शाळा असेल तर पहिली पाळी सुटून दुसरी भरायच्या मधला वेळ टाळा, तेवढ्यात त्या डबा खातात.

पार्श्वभूमीच्या प्रश्नांत ‘एमएस-सीआयटी झालं आहे का?’ एवढंच विचारू नका. कोर्स नोकरीच्या अटीसाठी केला की स्वतःहून, हेही विचारा. स्वतःहून शिकलेल्यांचे ‘शिकण्याची तयारी’ या उपघटकातले गुण जास्त यायला हवेत. नाही आले तर तो उपघटक जे मोजतो असं आपण म्हणतो ते मोजत नाही. वैधतेचा हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

---

आकडेमोड

टक्क्यांचा प्रश्न राहिला. ‘इतके टक्के सकारात्मक’ असं लिहायला रेषा कुठे ओढणार? २४ विधानांत किमान २४, कमाल १२०, मधला बिंदू ७२. ७३ ला सकारात्मक म्हणायचं आणि ७१ ला नकारात्मक, याला आधार नाही. काही प्रबंधांत सरासरी अधिक एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले त्याचं माप) याच्या वर ‘उच्च’ आणि खाली तेवढंच ‘निम्न’ असे गट करतात. त्यात दर वेळी काही शिक्षिका निम्न निघणारच, सगळ्यांचं मत कितीही चांगलं असो. त्यापेक्षा प्रत्येक उपघटकाची सरासरी १ ते ५ च्या पट्टीवर द्या, सोबत प्रमाण विचलन आणि विश्वास मर्यादा (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी ते आकडे). एकेका विधानासाठी मात्र सरासरी नको, पाचही पर्यायांची टक्केवारी द्या. वाचणाऱ्याला तिथेच खरं चित्र दिसतं.

रिकाम्या खुणा : सहा विधानांच्या उपघटकात एक सुटलं असेल तर त्याच शिक्षिकेच्या बाकी पाचांची सरासरी भरा. दोन किंवा जास्त सुटली तर त्या उपघटकापुरता तो फॉर्म बाजूला ठेवा. सगळ्या २४ विधानांना एकच खूण असेल, उलट विधानांसकट, तर तो फॉर्म वाचून भरलेला नाही. असे किती काढले ते प्रबंधात लिहा.

वय आणि अनुभव दोन्हींचे स्वतंत्र निष्कर्ष काढू नका. जास्त वयाच्या शिक्षिकांचाच अनुभव जास्त असतो, तोच परिणाम दोनदा मोजला जातो.

---

शिशुवर्ग_परळ

मार्गदर्शकांशी बोलून अंगणवाडी वगळली. खाजगी आणि पालिकेच्या बालवाड्या, दोनच गट, प्रत्येकी ९०. फॉर्म छापील. ‘दडपण’ उपघटकाची नवीन सहा विधानं लिहिली आहेत, बघाल का?

१. कॉम्प्युटर समोर आला की मी गडबडते.
२. मुलांसमोर कॉम्प्युटर चालवताना मला चुकण्याची धास्ती वाटते.
३. पडद्यावर अनोळखी सूचना आली तरी मी शांतपणे वाचते.
४. कॉम्प्युटरचं काम दुसऱ्या बाईंनी केलं तर मला हायसं वाटतं.
५. कॉम्प्युटरवर एकटीने काम करायला मला बरं वाटतं.
६. नवीन प्रोग्रॅम उघडताना माझ्या पोटात गोळा येतो.

---

शब्द_नेमका

१, २ आणि ६ ठेवा. ‘पोटात गोळा’ नेमका आहे, कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. ३ मधला ‘तरी’ काढा, त्याने उत्तर सुचवलं जातं : ‘पडद्यावर अनोळखी सूचना आली की मी ती शांतपणे वाचते.’ ४ मध्ये हायसं वाटण्याचं कारण कामाचा भार कमी होणं हेही असू शकतं, ते दडपणच असेल असं नाही. त्याऐवजी : ‘कॉम्प्युटरचं काम आलं की ते दुसऱ्या कुणाकडे जावं असं मला वाटतं, वहीचं काम असेल तर तसं वाटत नाही’ असं लिहिण्याचा मोह होईल, पण त्यात पुन्हा दोन विधानं झाली. सरळ गाळा आणि राखीवातलं एक घ्या. ५ मध्ये ‘एकटीने’ आणि ‘बरं वाटतं’ दोन्ही ढिले आहेत. ‘मदतीला कुणी नसताना कॉम्प्युटरवर काम करायला मी तयार असते’ असं करून पाहा आणि हे एक विधान पहिल्या टप्प्यातल्या आठ-दहा जणींना मुद्दाम मोठ्याने वाचायला लावा. ‘मदतीला कुणी नसताना’ ऐकून त्यांच्या डोळ्यांसमोर वर्गातली मदतनीस आली, तर शब्द बदलावा लागेल.